बोटीवर इन्सुलिन कुठे ठेवायचं?

उन्हाळ्यात आई-वडील अमेरिकेत आले की एक क्रूझ हमखास ठरते. मायामीहून निघायचं, नॅसॉ, कोझुमेल करत आठवडाभराने परत. आणि मग प्रश्न येतो: केबिनमध्ये नीट फ्रिज नसेल तर आईच्या इन्सुलिनचं काय? आम्हाला विचाराल तर फ्रिजची काळजी जरा जास्तच केली जाते, आणि बंदरावरच्या उन्हाची फार कमी.

मुळात इन्सुलिन बिघडतं म्हणजे काय होतं? हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. बाटलीत त्याचे रेणू सहसा सुटे नसतात, जस्ताच्या आधाराने सहा-सहाच्या घोळक्यात बसलेले असतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये क्ष-किरणांनी उलगडून दाखवली. घोळक्यात आहे तोवर रेणू सुरक्षित. उष्णता आणि सततची हलवाहलव यांनी काही रेणू सुटे होतात, उलगडतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे धागे बनतात. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे. गोठण्याचा परिणामही वाईटच: बर्फ होताना प्रथिन उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने कोंबलं जातं आणि त्याचा आकार बिघडतो. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं.

न उघडलेल्या साठ्यासाठी २ ते ८ अंश सेल्सियस सांगतात, ते महिनोन्महिने टिकावं म्हणून. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली २८ दिवस चालतात. डेग्लुडेकसारखं एखादं ५६ दिवस, तर काही मिश्र इन्सुलिनची पेनं फक्त १०. तुमच्या खोक्यातला कागद वाचा, तोच खरा. पण हिशोब बघा: सात रात्रींची सफर आणि वातानुकूलित केबिन. बोटीवर इन्सुलिनला सगळ्यात सुखाची जागा म्हणजे केबिनमधला कप्पा, खिडकीच्या उन्हापासून लांब.

केबिनमधला मिनीबार बऱ्याचदा खरा फ्रिज नसतोच. तो थंड पेयं गारसर ठेवतो, एवढंच. काही ठिकाणी चावीचं कार्ड काढलं की त्याची वीजही जाते. उलट एखाद्याची मागची पट्टी इतकी गार असते की तिला टेकलेली बाटली गोठू शकते. साठा मोठा असेल तर बुकिंग करतानाच औषधांसाठीचा फ्रिज मागून ठेवा. बऱ्याच कंपन्या देतात. आत छोटा थर्मामीटर टाकून एक रात्र बघा, मगच विश्वास ठेवा. बर्फाच्या पॅकला बाटली थेट टेकवू नका, मध्ये टॉवेल हवा.

खरा धोका दोन वेळा येतो. पहिला, चढताना. धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या हवाली होतात आणि केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. तेवढा वेळ त्या कुठे, किती उन्हात आहेत, कुणाला माहीत. म्हणून इन्सुलिन हातातल्या पिशवीत. विमानातही तसंच; द्रव पदार्थांची मर्यादा औषधांना आणि त्यांच्या कूल पॅकना लागू होत नाही, फक्त तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवायचं.

दुसरा, बंदरावर फिरायला उतरल्यावर. इथे पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या लोकप्रिय आहेत. त्यांचं तत्त्व आपल्या माठाचंच: पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण नागपूरच्या माठातलं पाणी आणि मुंबईच्या माठातलं पाणी यांतला फरक आठवा! ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला बाष्पीभवन तापमान साधारण २२ अंशांपर्यंत उतरवू शकतं. कॅरिबियनसारख्या दमट हवेत, ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, मात्र जेमतेम २९ पर्यंत. म्हणजे तिथे ही पिशवी काठावरच पास. त्यातून ती बंद बॅगेच्या तळाशी कोंबली तर तेवढंही नाही. दिवसभराला लागेल तेवढंच एक पेन बरोबर घ्या, बाकी बोटीवर राहू द्या.

बिघडलेलं इन्सुलिन डोळ्यांना नेहमी दिसत नाही. नितळ असणारं गढूळ झालं, दाणे किंवा धागे दिसले, तर सरळ फेका. पण साखर वाढत चालली तर बुफेला दोष द्यायचा की बाटलीला, हे ओळखणं अवघड. अशा वेळी नवी बाटली उघडून बघणं स्वस्तात पडतं; म्हणून लागेल त्याच्या दुप्पट न्या, आणि दोघांच्या बॅगांत विभागून.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट यापेक्षाही गंभीर. भारतात कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची लाल टोपीची सिरिंज वेगळी. अमेरिकेत आणि बोटीवरच्या दवाखान्यात मिळणार ते १०० युनिटचं. आईने नेहमीच्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२०’च्या खुणेपर्यंत ते भरलं, तर अंगात जातील ५० युनिट. अडीचपट! साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून बदली इन्सुलिन घ्यायची वेळ आलीच, तर त्याच्या जोडीची नारिंगी टोपीची सिरिंजही मागून घ्या, आणि नेहमीचा डोस युनिटमध्ये, इन्सुलिनच्या पूर्ण नावासकट, इंग्रजीत लिहिलेला कागद आईच्या पर्समध्ये ठेवा.

वापरलेल्या सुया केबिनच्या कचऱ्यात टाकू नका. सुयांचा डबा पहिल्याच दिवशी मागून घ्या.