टेस्टर लागतो, पण पॉइंट चालत नाही

घरातील प्लग पॉइंट अचानक बंद पडला की प्रथम उपकरण दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून पाहावे. पुष्कळदा दोष मिक्सरच्या किंवा कूलरच्या वायरमध्येच निघतो. त्यानंतर फ्यूज अथवा एमसीबी पाहावा. फ्यूज गेला असल्यास तेवढ्याच अँपिअरची तार घालावी. वायरमधील तांब्याचे चार धागे पिळून घालू नयेत. एमसीबी वर केल्यावर पुन्हा पडत असेल तर दोष शोधावा. कुंभारीण माशीने सॉकेटच्या भोकात मातीचे घर केल्याचेही आढळते!

खरा घोटाळा पुढे आहे. सॉकेटमध्ये टेस्टर लागतो, पण दिवा लागत नाही. टेस्टर फक्त फेज दाखवतो. विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी. ही दुसरी तार, म्हणजे न्यूट्रल, तुटली तर पॉइंट मेल्यासारखा दिसतो, पण फेज जिवंतच असतो. कधी दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. त्याच लाइनवर दुसरे एखादे उपकरण चालू असते व त्याच्यातून वीज न्यूट्रलच्या तारेत येऊन अडकते.

अशा वेळी काहीजण अर्थिंगच्या तारेवरून किंवा बोअरच्या पाइपवरून न्यूट्रल घेतात. दिवा लागतो, म्हणून दुरुस्ती झाली असे वाटते. हे अत्यंत घातक आहे. एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, वीज जमिनीत नीट मुरत नाही आणि अर्थिंगच्या तारेवाटे फ्रीजच्या, पंपाच्या पत्र्यावर येते. गोठ्याची ओली जमीन व लोखंडी दावण असेल तर माणसाला जेमतेम जाणवणाऱ्या दाबानेही जनावर दगावू शकते. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असल्यास तो असे जोडताच पडतो. मग तोच काढून टाकला जातो! वास्तविक त्याने आपले काम चोख केलेले असते.

दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करावा. केवळ पॉइंटचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण काही ठिकाणी बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. मेन बंद असतानाही त्याची वीज बोर्डात येते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्यावा व मेन बंद केल्यावर प्रत्येक तारेला लावून पाहावा. पॉइंट बहुधा एकावरून एक जोडलेले असतात. म्हणून बंद पॉइंटबरोबर त्याच्या आधीच्या, चालू पॉइंटचाही बोर्ड उघडावा. जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. पण रंगावर विसंबू नये. काळ्या तारेचा स्क्रू सैल आढळल्यास टोक सोलून घट्ट आवळावे. सॉकेट करपले असेल तर बदलावे. तार भिंतीतील पाइपात तुटली असेल, किंवा उंदरांनी कुरतडली असेल, तर परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

घरातील सर्वच पॉइंट बंद असतील, किंवा काही दिवे अचानक फार प्रखर व काही मंद झाले, तर मेन स्विच ताबडतोब पाडावा. दोष बहुधा खांबावरील न्यूट्रलचा असतो. खांबावर स्वतः न चढता महावितरणच्या लाइनमनला कळवावे.