समजून घ्या : भक्तीला २० पैकी किती गुण? फाशांच्या खेळात श्रद्धा मोजतात कशी?

टेबलाभोवती चार-पाच जण, समोर कागद-पेन्सिल आणि फासे. एक जण गोष्ट पुढे नेतो, तो गेम मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र सांभाळतात. १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रुजलेल्या या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत पात्राच्या ताकदीला, बुद्धीला आकडे असतात. त्यात नवल नाही. पण पात्र किती भाविक आहे, याचाही आकडा काही खेळांत असतो. तो काढायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत भक्तीचा अर्थच बदलतो.

देवाकडचं खातं

‘मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस’ हे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २०२०चं पुस्तक. त्यातलं जग ग्रीक पुराणकथांच्या धर्तीवरचं आहे. पात्र एक देव निवडतं आणि भक्तीचे गुण १ पासून मोजायला सुरुवात होते. देवाचं काम केलं की गुण वाढतात, त्याच्या मर्जीविरुद्ध वागलं की घटतात. ३, १०, २५ आणि ५० या टप्प्यांवर वरदान मिळतं. देव बदलला की आधीची जमा गेली, नव्याकडे पुन्हा पहिल्यापासून. खरेदीवर पॉइंट देणारं अ‍ॅप वापरणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

हिशेब सोपा आहे, खेळायला मजाही येते. पण आपल्याकडे नवस आणि भक्ती हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे मोजला जातो तो नवस. मनात काडीचीही श्रद्धा नसलेलं पात्र देवाची कामं उरकत २५ पर्यंत सहज पोहोचेल.

की स्वभाव?

ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेन्ड्रॅगन’ हा १९८५चा खेळ. यात खेळाडू राजा आर्थरचे सरदार, म्हणजे नाइट होतात. प्रत्येक नाइटच्या कागदावर स्वभावाच्या १३ जोड्या असतात : दयाळू-क्रूर, नम्र-गर्विष्ठ वगैरे. त्यातलीच एक धार्मिक-ऐहिक. जोडीची बेरीज कायम २०. म्हणजे धार्मिक १६ असेल तर ऐहिक ४. एक वाढलं की दुसरं आपोआप कमी.

खरी गंमत मोहाच्या प्रसंगी. समजा, प्रार्थनेची वेळ आणि मेजवानीचं आमंत्रण एकदमच आलं. १६ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या नाइटला गेम मास्टर २० बाजूंचा फासा टाकायला लावतो. १६ किंवा कमी पडलं की तो धार्मिक वागतो, खेळाडूच्या मनात काहीही असो. जास्त पडलं तर ऐहिक बाजूसाठी पुन्हा फासा. तिथे ४ किंवा कमी आलं की स्वारी मेजवानीला. दोन्ही चुकले तरच निर्णय खेळाडूचा. गणित मांडलं तर ८० टक्के वेळा प्रार्थना, ४ टक्के वेळा मेजवानी आणि १६ टक्के वेळा मोकळीक.

यावरच अनेकांची हरकत असते. पात्र माझं, मग फासा कोण सांगणारा? हरकत खोटी नाही. पण स्वभावाच्या विरुद्ध जाणं आपल्यालाही दर वेळी कुठे जमतं? मला तरी ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आणखी एक बारकावा. रोमन ख्रिस्ती नाइटला धर्माचा लाभ हवा असेल तर संयमी, क्षमाशील, दयाळू, नम्र आणि मिताहारी या पाचही गुणांत १६ लागतात. त्या यादीत ‘धार्मिक’ हा गुणच नाही. पेगन नाइटच्या यादीत तर गर्व आणि कामुकताही येतात. एकाचं पाप ते दुसऱ्याचं पुण्य.

हे गुण वाढतात कसे? ठळकपणे तसं वागलं की कागदावर खूण होते. वर्षाच्या शेवटी, हिवाळ्यात, फासा टाकायचा आणि तो आधीच्या गुणांपेक्षा जास्त पडावा लागतो. १० गुणवाल्याला ५० टक्के संधी. १६ वाल्याला फक्त २०.