तिखट, अल्सर आणि पोटाच्या इतर तक्रारी

जठरातील अल्सर तिखटामुळे होत नाही. नाशिकसारख्या मिसळप्रिय शहरात हे विधान सहज पटत नाही, कारण तर्रीदार रस्सा खाल्ल्यावर पोटात आग पडते हा तिथला रोजचा अनुभव आहे. आग पडते हे खरे, पण जखम होत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही-1 या ग्राहीला चिकटते. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारी ग्राही हीच असल्याने मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. प्रत्यक्षात काहीच भाजलेले नसते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये ही ग्राही शोधली आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. खाल्लेले सगळे कॅप्सेसिन आतड्यात शोषले जात नाही आणि गुदद्वारापाशीही अशाच ग्राही असतात. दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी होणारी जळजळ त्यामुळे असते, मूळव्याधीमुळे नव्हे.

अल्सरची मुख्य कारणे दोन. पहिले, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पर्थ येथील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो जठरातून वेगळा करून वाढवला. आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, अल्सर ताणतणावाने आणि खाण्याने होतो, असे त्या वेळी सर्वत्र शिकवले जात होते. मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतः तो जिवाणू पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना 2005 चे नोबेल मिळाले. भारतात हा संसर्ग फार पसरलेला आहे; तो बहुधा लहानपणीच घरातल्यांकडून किंवा दूषित पाण्यातून होतो. संसर्ग असलेल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचा तो प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी यांच्या सुमारे दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होतो आणि सहसा उलटत नाही. वर्षानुवर्षे फिके खाऊन हा जिवाणू जात नाही.

दुसरे कारण घरोघरच्या औषधांच्या डब्यात असते: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. गुडघे, कंबर, डोके दुखते म्हणून दुकानातून आणून रोज घेतलेली गोळी जठराचे संरक्षक अस्तर पातळ करते. वयस्कर माणसांत कधीकधी पोट न दुखताच रक्तस्राव सुरू होतो आणि पहिले लक्षण डांबरासारखे काळे शौच हेच असते. घरातले लोक मिसळीला दोष देत असताना खरे कारण उशाशी असलेल्या पाकिटात सापडते. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करणे धोक्याचे असते.

तिखटाची बाजू इथे संपत नाही. ज्यांचे आतडे मुळातच हळवे आहे, म्हणजे तपासण्यांत काही दोष न सापडता ज्यांचे पोट वारंवार दुखते, फुगते किंवा बिघडते, त्यांना मिरचीने खरोखर त्रास होतो. त्यांनी ती कमी करावी. सगळ्यांनीच ती सोडावी असा याचा अर्थ होत नाही.

नाशिकच्या गंगापूर रस्त्याच्या बाजूला रविवारी सकाळी मिळणारी मिसळीची थाळी जिन्नसवार पाहिली, की पोटाच्या तक्रारींची खरी वाटणी कळते. तर्रीतील तेल आणि तळलेले फरसाण यांमुळे जठर उशिरा रिकामे होते. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडपेसारखा स्नायू असतो. पोट तुडुंब भरले, की तो सैल पडून आम्ल वर येते. छातीत जळजळ, करपट ढेकर, तोंडात आंबट पाणी ही त्याची लक्षणे. थाळीनंतरची झोप त्यात भर घालते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, सुटलेले पोट कमी करणे, तंबाखू सोडणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच करणे, हे उपाय मिरची सोडण्यापेक्षा जास्त गुण देतात. नुसती उशी वाढवून भागत नाही, कारण मान वाकते आणि पोटावर दाब येतो. आडवे व्हायचेच असेल तर डावी कूस बरी. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते.

जळजळ झाली की थंड दूध पिणे हा सर्वमान्य उपाय आहे. दूध आम्ल काही वेळ सौम्य करते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात, म्हणून तासाभराने जळजळ परत येते. फसफसणारे सोडे तात्पुरता आराम देतात. त्यांत सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते नेहमी घेऊ नयेत. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. जेवण झाल्यावर त्रास सुरू झाला म्हणून घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही, आणि गोळी कुचकामी आहे असा गैरसमज होतो.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची सूचना एकच आहे: छातीतली प्रत्येक जळजळ अ‍ॅसिडिटीची नसते. छातीवर दडपण, दरदरून घाम, डावा हात किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, चालल्यावर वाढणारा त्रास, यांपैकी काही असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नये. लगेच ईसीजी काढून घ्यावा. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका केवळ पोट जड झाल्यासारखा जाणवू शकतो.

थाळीतला कांदा वेगळ्याच तक्रारीला जबाबदार असतो. लासलगावच्या बाजारपेठेमुळे नाशिक जिल्ह्याची देशभर ओळख असलेला हा कांदा फ्रुक्टन नावाच्या साखरसाखळ्यांनी भरलेला असतो. माणसाकडे त्या तोडणारे विकर नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. पावातल्या गव्हातही फ्रुक्टन असतात. मटकीत वायू करणाऱ्या दुसऱ्या साखरा असतात, पण भिजवून मोड आणल्याने त्या बऱ्याच कमी होतात. जुन्या स्वयंपाकाची ही रीत शास्त्राला धरून आहे. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणे हे निरोगी आतड्याचे लक्षण आहे. पोट फुगून दुखत असेल तर दोन-तीन आठवडे कांदा-लसूण बंद करून पाहावे आणि मग थोडा थोडा सुरू करावा. सगळेच कायमचे सोडू नये, कारण याच साखरा आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे अन्न आहेत. कांदा-लसणातले फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाहीत. त्यामुळे फोडणीच्या तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर चव राहते आणि त्रास टळतो.

सोबतची दह्याची वाटी दुधापेक्षा पचायला हलकी. बालपणानंतर दुधातली साखर पचवणारे विकर भारतातील बहुसंख्य लोकांत कमी होत जाते. चहातले दूध चालते, पण पेलाभर दुधाने पोट गुरगुरते, असे म्हणणाऱ्यांना दुधाची अ‍ॅलर्जी नसते. दही लावताना जिवाणूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच वापरलेला असतो.

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, नाहीतर अंगात विष भिनते, या समजुतीने जुलाबाच्या चूर्णांचा खप वाढवला आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांतले काहीही स्वाभाविक असू शकते. शौच कडक होणे, कुंथावे लागणे, अर्धवट झाल्यासारखे वाटणे म्हणजे बद्धकोष्ठता. इसबगोल उपयोगी आहे, पण भरपूर पाण्यासोबत. शौचातून रक्त पडले की मोड आले असे धरून भिंतीवरच्या जाहिरातीचा पत्ता शोधणे घातक ठरते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही तसेच रक्त पडते. चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसणे, कारणाशिवाय वजन घटणे, गिळताना अडकणे किंवा रक्तक्षय असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

पोटात कळ आली की बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेण्याची रीत ग्रामीण भागात अजून आहे. बेंबी हा नाळेचा व्रण आहे. ती सरकत नाही. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवतीच सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. अशा पोटाला चोळण्यात वेळ गेला तर सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते.

जुलाबांबाबतचे गैरसमज सर्वांत महाग पडतात, विशेषतः पावसाळ्यात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा 2015 मध्ये पावसाळ्यात झाला आणि 2027 ची पर्वस्नानेही पावसाळ्यातच आहेत. लाखोंच्या गर्दीत पाणी दूषित होण्याचा धोका मोठा असतो. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्जंतुक नसते. नदीत स्नान करताना पाणी पोटात जाऊ न देणे आणि पिण्यासाठी उकळलेले किंवा क्लोरीनचे पाणी वापरणे यांत श्रद्धेला बाधा नाही. जुलाब सुरू झाल्यावर पाणी आणि जेवण बंद करणे ही मोठी चूक, आणि सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही असे मानणे ही दुसरी. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले आणि तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. साखर आतड्यात शिरताना मीठ आणि पाणी सोबत ओढून नेते, जुलाब चालू असतानाही. अशा पाण्याचे, म्हणजे ओआरएसचे, सारे बळ यात आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ पुरते. बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवावे, जुलाब थांबवणारी गोळी मुलांना देऊ नये आणि आरोग्य केंद्रात मिळणारे झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यावे. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा जुलाबात रक्त दिसले, तर मात्र घरच्या उपायांवर न थांबता त्याला रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही घोट घोट ओआरएस पाजत राहावे.