न वाळणारा घाम

एप्रिलमध्ये सकाळी दहाला रत्नागिरीच्या सड्यावर सायकल हाणून बघा. अर्ध्या तासात कोपरावरून घामाचे थेंब गळू लागतात. तापलेल्या कातळावर पडलेला थेंब क्षणात वाळतो, अंगावरचा मात्र वाळायचं नाव घेत नाही. डोंगरवाटांवर एकट्याने चोवीस तास सायकल चालवायच्या शर्यतीसाठी तयारी कशाची करायची, याचं निम्मं उत्तर या थेंबात आहे.

पेडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवण्यात जातो. बाकीची सगळी उष्णता होते. ती अंगाबाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे घाम: एक लिटर घाम पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने जड झालेली असते. तिथे गळून पडलेला थेंब शरीरातलं पाणी नेतो, मीठ नेतो आणि उष्णता अंगातच ठेवून जातो. म्हणून मला वाटतं, रत्नागिरीत सराव करणाऱ्याने आधी हवा ओळखावी, चढ मग मोजावेत.

उरलेलं निम्मं उत्तर पोटात आहे. २०१७ साली महाराष्ट्रातल्या दोन डॉक्टरांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली: तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ. एकट्याने ती पुरी करणारे हे पहिले भारतीय. सुमारे ४८०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. समर्थ पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरहून लांब अंतर गेले. या शर्यती डांबरी रस्त्याच्या, पण दगडधोंड्यांतून जाणाऱ्याच्या पोटापुढेही कोडं तेच असतं.

कोडं असं. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा. जोर लावून चालवलं तर काही तासांत संपणारा. पुढचं सगळं चालत्या सायकलवर खायचं, आणि आतड्याची दारं अरुंद! ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच आत जातं. फ्रुक्टोजचं दार मात्र वेगळं आहे. दोन्ही दारं वापरली, तर हा आकडा नव्वदपर्यंत जातो. साखर आणि गूळ पोटात फुटून या दोन्हींत वाटले जातात. शिवाय ग्लुकोजच्या दाराला सोडियमची सोबत लागते. शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलेली ही गोष्ट १९७१ मध्ये डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्या हातून पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत हजारो कॉलरा रुग्णांच्या कामी आली. साखर, मीठ, पाणी. आपलं कोकम सरबत वेगळं काय आहे? मीठ घातलेली पातळ पेजही त्याच वाटेने जाते. आणि आतडंही सरावाने शिकतं. चालवता चालवता खायची सवय लावली, तर काही आठवड्यांत तेच अन्न जड वाटेनासं होतं. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नये, ते याचसाठी.

सगळ्यांत थक्क करतं ते रक्ताचं शिकणं. रोज तास-दीड तास उकाड्यात चालवत राहिलं, की दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो. त्याच चढावर छातीचे ठोके कमी पडतात. घाम लवकर सुटतो आणि जास्तही येतो, पण ग्रंथी त्यातलं मीठ वाटेतच परत ओढून घेऊ लागतात. हे कुणी सांगावं लागत नाही. सराव सोडला, की महिन्याभरात यातलं बरंचसं विसरलं जातं.

घाम किती जातो ते कळायला सरावाला निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करावं. प्यालेलं पाणी धरून हिशेब केला, तर एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. पहिल्या आठवड्यातला शर्ट दोरीवर वाळला, की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. तिसऱ्या आठवड्यात शर्ट तितकाच चिंब असतो, रेघा मात्र फिकटलेल्या.