काल रमाबाई, आज गोपिकाबाई!

सिंगापूरच्या यिशुनमध्ये 1992 साली एका छताखाली दहा पडदे सुरू झाले आणि देशाला पहिलं मल्टिप्लेक्स मिळालं. यिशुनकर मराठी मंडळींनो, तुमच्यासाठी आज मराठी मातीतल्या ऐतिहासिकपटांचा खेळ, तोही फक्त अभिनयाचा!

सगळ्यात भन्नाट साखळी पेशवाईची. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (1944) राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे न्यायाधीश झाले गजानन जागीरदार. आवाज न चढवता दरारा कसा निर्माण करायचा, ते त्यांच्याकडून शिकावं. याच जागीरदारांनी 1987 साली दूरदर्शनवरची ‘स्वामी’ मालिका दिग्दर्शित केली. त्यात रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव (नंतरच्या मृणाल कुलकर्णी) रमाबाई. पुढे 2014 मध्ये मृणाल कुलकर्णींनी स्वतः ‘रमा माधव’ दिग्दर्शित केला. त्यात मंकणी नानासाहेब आणि मृणाल गोपिकाबाई. दोन्हीकडे जोडी नवरा-बायकोचीच, फक्त एक पिढी वर सरकली. माधवराव-रमाबाई झाले माधवरावांचे आई-वडील!

‘रामशास्त्री’तली आनंदीबाई होती ललिता पवार. त्याआधी चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. नायिकेची कामं गेली, पण तीच बारीक झालेली नजर पुढे पडद्यावर धाक घालत राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर साकारले मल्याळी मामुट्टींनी. जब्बार पटेलांच्या त्याच नावाच्या चित्रपटाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

‘तान्हाजी’तले (2020) शिवाजी महाराज, शरद केळकर, एकेकाळी बोलताना अडखळायचे. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीतला प्रभासचा भारदस्त आवाजही त्यांचाच!

अजय पूरकर ‘पावनखिंड’मध्ये (2022) बाजीप्रभू, तर ‘सुभेदार’मध्ये (2023) तानाजी. एकाच नटाच्या वाट्याला दोन वीरमरणं.

आणि ‘संत तुकाराम’ (1936). तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तरी माझं मत अभिनेत्री गौरीने साकारलेल्या तुकोबांच्या बायकोला, आवलीला. देवावर चिडणारी, पोरांच्या पोटासाठी भांडणारी ही बाई अभिनय करते आहे असं क्षणभरही वाटत नाही. तलवारबाजीचे दहा प्रसंग तिच्या एका तणतणण्यावरून ओवाळून टाकावेत. या शनिवारी घरच्या पडद्यावर लावा, आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि तुमचा कौल कुणाला ते ठरवा.