प्रवाळ-जलजीवालय, घरगुती

प्रवाळ-जलजीवालय, घरगुती : उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रातल्या शैलभित्तीवरील जिवंत प्रवाळ व त्यांच्याबरोबर राहणारे मासे, कवचधारी प्राणी, शैवले आणि सूक्ष्मजीव यांचा समुदाय ज्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत घरच्या घरी दीर्घकाळ जोपासला जातो, तिला घरगुती प्रवाळ-जलजीवालय म्हणतात. केवळ मासे ठेवण्याच्या टाकीहून हिची रचना मूलतः निराळी असते. माशांना पाण्यातील थोडाफार बदल सोसतो. प्रवाळांना तो सोसत नाही. शैलभित्तीभोवतीच्या समुद्राचे तापमान, लवणता व रासायनिक घटना ही वर्षानुवर्षे जवळजवळ सारखी असतात. समुद्र आपल्या अफाट आकारमानामुळे जे स्थैर्य सहज राखतो, ते काही शे लिटर पाण्यात उपकरणांच्या साहाय्याने राखावे लागते. मोठ्या टाकीत पाण्याचा साठा जास्त असल्याने बदल सावकाश होतात, हा तिचा मोठा फायदा. परंतु तिचे वजन, विजेचा खर्च व एखादी चूक झाल्यास होणारी हानी हीही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून अशा टाकीचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय तिच्यात पाणी भरण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

इतिहास : ॲना थिन या इंग्रज महिलेने १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरील शीत समुद्रातले एकल प्रवाळ लंडनला आणून काही वर्षे जगविले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वारंवार ओतले जात असे. लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानातील सार्वजनिक जलजीवालय १८५३ मध्ये सुरू झाले. तथापि त्यानंतर सु. शंभर वर्षे उष्ण कटिबंधीय प्रवाळ बंद टाकीत टिकविणे दुर्घट मानले जात होते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, जीवांनी वेढलेले सच्छिद्र खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यांवरच त्यांच्या टाकीतील पाणी शुद्ध राहत असे. पुढे १९७०–९० या काळात जर्मनीमध्ये जिवंत खडक, प्रखर प्रकाश व फेस-विभाजक यांवर आधारलेली ‘बर्लिन पद्धत’ रूढ झाली. पीटर व्हिल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा वापर प्रचारात आणला. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी शैवलांच्या साहाय्याने, तर मोनाको येथे झां झोबेर यांनी वाळूच्या जाड थराच्या साहाय्याने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती विकसित केल्या. आजची घरगुती टाकी या सर्व प्रयत्नांच्या संयोगातून घडलेली आहे.

प्रवाळाच्या गरजा : शैलनिर्मात्या प्रवाळाच्या ऊतकांत सूक्ष्म एकपेशीय शैवले (झूझँथेली) राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करून त्याचा मोठा भाग प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना आसरा, कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजनयुक्त द्रव्ये पुरवितो. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून १° ते २° से. जास्त तापमान काही आठवडे राहिले, तर हे सहजीवन मोडते, शैवले बाहेर पडतात व प्रवाळ पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. याखेरीज सांगाडा घडविण्यासाठी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट सतत शोषून घेतो. टाकीतील प्रत्येक साधनाची योजना प्रकाश, स्थिर तापमान, वाहते पाणी, अल्प पोषकद्रव्ये व सांगाड्याचा कच्चा माल या पाच गरजांवरून ठरते.

जागा व भार : उदाहरणादाखल १८० × ७५ × ६० सेंमी. मापाची टाकी घेता येईल. तिचे एकूण आकारमान ८१० लि. भरते. तिला १५ ते १९ मिमी. जाडीची काच लागते. खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता टाकीत सु. ७०० लि. आणि खालच्या उपटाकीत सु. २०० लि. पाणी राहते. पाणी, काच, खडक, वाळू व लोखंडी चौकट मिळून वजन १,३०० ते १,४०० किग्रॅ. होते. हा भार केवळ १·३५ चौ. मी. जागेवर पडतो, म्हणजे दर चौ. मी.ला सु. १,००० किग्रॅ. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन सामान्यतः दर चौ. मी.ला २ किलोन्यूटन (सु. २०० किग्रॅ.) चल भार धरून आखलेली असते. हा भार संपूर्ण खोलीवर पसरलेला कल्पिलेला असल्याने अशा टाकीने जमीन लगेच खचतेच असे नाही. परंतु वरच्या मजल्यावर टाकी ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे अपरिहार्य ठरते. तुळईच्या वर व भारवाहक भिंतीलगत, तुळयांना आडवी टाकी ठेवणे त्यातल्या त्यात सुरक्षित असते. जागेवर थेट ऊन येऊ नये. नळ, मोरी व स्वतंत्र विद्युत् मंडल जवळ असावे. खोली ६० सेंमी.हून फार जास्त ठेवल्यास तळापर्यंत हात पोहोचत नाही व प्रकाशही अधिक प्रखर लागतो. उलट, रुंदी जास्त असल्यास खडकांना नैसर्गिक उतार देता येतो.

पाण्याचे अभिसरण : टाकीच्या काठाशी असलेल्या सांडव्यावरून पाणी नळाने उपटाकीत उतरते, तेथे ते स्वच्छ होऊन पंपाने परत वर चढविले जाते. उपटाकीमुळे तापक, फेस-विभाजक इ. साधने दृष्टीआड राहतात व मुख्य टाकीतील पातळी कायम राहते. वीज गेल्यावर पंप थांबतो, तेव्हा सांडव्याच्या पातळीपर्यंतचे पाणी खाली येते. उपर्युक्त मापाच्या टाकीत दर सेंमी. उंचीला १३·५ लि. पाणी असते, त्यामुळे पातळी ३ सेंमी. उतरली तरी ४० लि.हून अधिक पाणी उपटाकीत येते. एवढी रिकामी जागा तिच्यात नेहमी राखावी लागते. परतीच्या नळाचे तोंड पाण्यात खोल असल्यास वक्रनलिकेच्या क्रियेने त्याहूनही जास्त पाणी उतरून घरात पूर येऊ शकतो. पाणी भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेतात. सांडव्याला दुसरा राखीव नळही ठेवतात. मुख्य टाकीत स्वतंत्र प्रवाह-पंप बसवून तासाला टाकीच्या आकारमानाच्या २० ते ४० पट पाणी आलटूनपालटून दिशा बदलत खेळविले जाते. या खळबळीमुळे प्रवाळांवरील श्लेष्मा व गाळ धुऊन जातो आणि ऑक्सिजन मिसळतो.

प्रकाश व तापमान : पूर्वी धातु-हॅलाइड दिवे वापरीत, आता बहुतेक ठिकाणी एलईडी दिवे वापरतात. सहजीवी शैवलांना उपयुक्त असा ४२० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्यांत भरपूर असतो. मऊ प्रवाळांना दर चौ. मी.ला सेकंदास ५० ते १५० मायक्रोमोल, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० मायक्रोमोल प्रकाश-कण पुरतात. नव्या प्रवाळाला प्रकाशाची सवय हळूहळू लावावी लागते. तापमान २५° ते २६° से. ठेवतात. भारतातील उन्हाळ्यात तापकापेक्षा शीतकाचीच गरज जास्त भासते व विजेचा बराच खर्च त्यावर होतो. वीज दीर्घकाळ गेल्यास प्रथम धोका उष्णतेचा नसून ऑक्सिजनच्या अभावाचा असतो. म्हणून निदान एक प्रवाह-पंप इन्व्हर्टरवर चालू राहील अशी तजवीज करतात.

पाणी व लवणे : नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट व कधीकधी तांबे असते. अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही विषारी असल्याने पाणी व्यस्त तर्षण (आरओ) व आयन-विनिमय या क्रियांनी शुद्ध करून त्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळतात. लवणता हजारी ३५ ठेवण्यासाठी ९०० लि. पाण्यात सु. ३२ किग्रॅ. विद्राव्य लवणे लागतात. बाष्पीभवनाने दिवसाला एक टक्का, म्हणजे सु. ९ लि. पाणी उडून जाते. मीठ मात्र मागे राहते. आठवडाभर भर न घातल्यास लवणता ३५ वरून ३७·५ च्या वर जाते. म्हणून ही भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची व शक्यतो स्वयंचलित असते.

सांगाड्याच्या वाढीचे रसायनशास्त्र नवशिक्यांना सर्वांत जास्त चकविते. पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ. आणि क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात मोजलेली) १२५ ते १७५ मिग्रॅ. ठेवतात. प्रवाळ ही द्रव्ये ठराविक प्रमाणात वापरतात : क्षारता ५० मिग्रॅ.ने उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त २० मिग्रॅ.ने घटते. भरगच्च टाकीत हा एका दिवसाचा खर्च असू शकतो. या वेगाने तीन दिवसांत कॅल्शियम ४२० वरून ३६० वर येईल, परंतु क्षारतेचा साठा जवळजवळ संपेल. म्हणून नेमाने तपासावयाची राशी कॅल्शियम नसून क्षारता होय. ९०० लि. पाण्यात या खर्चाची भरपाई करण्यास रोज ४५ ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाइतका माल लागतो. चुन्याची संपृक्त निवळी रोजच्या ९ लि. भरीतून दिली, तर सु. १८ ग्रॅ. एवढीच भरपाई होते. तीही सावकाश, थेंबाथेंबाने द्यावी लागते, नाहीतर पाण्याचे पीएच मूल्य एकदम चढते. प्रवाळ वाढल्यावर मात्रक पंपांनी दोन विद्राव वेगवेगळे सोडणे किंवा कार्बन डाय-ऑक्साइडाने चुनखडी विरघळविणारे उपकरण बसविणे आवश्यक होते. या उपकरणांची जागा मूळ आराखड्यातच राखून ठेवणे शहाणपणाचे असते.

शुद्धीकरण व परिपक्वता : माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. खडकांच्या छिद्रांतील सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात; ऑक्सिजनरहित खोल भागांत नायट्रेटापासून नायट्रोजन वायू होतो. फेस-विभाजकात सूक्ष्म बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटलेली कार्बनी द्रव्ये फेसाबरोबर बाहेर काढली जातात. नव्या टाकीत सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरही टाकी पक्व झालेली नसते. तपकिरी करंडक शैवले, मग हिरवी तंतुमय शैवले व शेवटी खडकांवर जांभळट चुनमय शैवलांचा थर, असा क्रम कित्येक महिने चालतो. शैवलांचा हा उपद्रव पाहून औषधे ओतणे किंवा घाईने पोषकद्रव्ये शून्यावर आणणे हे नव्या टाक्या बिघडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. प्रवाळांनाही अल्प नायट्रेट व फॉस्फेट आवश्यक असते. प्रथम शैवलभक्षक गोगलगायी, नंतर थोडे मासे, मग मऊ प्रवाळ आणि सहा महिने ते वर्षानंतर फांद्यांचे कठीण प्रवाळ, हा क्रम हितावह ठरतो.

प्राण्यांची निवड : नवा मासा वेगळ्या टाकीत किमान चार ते सहा आठवडे ठेवतात, कारण श्वेतबिंदू रोगाचा परजीवी (क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स) मुख्य टाकीत शिरला, तर त्यावरील ताम्रयुक्त औषध प्रवाळ असलेल्या पाण्यात वापरता येत नाही. बंदिस्त अवस्थेत पैदास झालेले विदूषक मासे (अँफिप्रिऑन ओसेलॅरिस) काटक असतात. उलट, मँडरीन मासा मुख्यत्वे बारीक कवचधारी प्राण्यांवर जगतो व कोवळ्या टाकीत उपाशी मरतो. प्रवाळही एकमेकांशी जागेसाठी झगडतात. गॅलॅक्सियासारख्या प्रजातींचे लांब दंशक संस्पर्शक शेजाऱ्याला मारू शकतात. म्हणून दोन वसाहतींत वाढीसाठी अंतर सोडावे लागते.

धोके : खारे पाणी विजेचे सुवाहक असल्याने भूगळती परिपथ-खंडक बसविणे आणि तारांना भिंतीतील खोबणीपूर्वी खाली झोल देणे आवश्यक असते. पॅलिथोआ वंशाच्या काही प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे प्राणी चिकटलेले खडक उकळल्याने किंवा गरम पाण्याने घासल्याने त्याचे तुषार श्वासात जाऊन संबंध कुटुंबाला विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

कायदा व संरक्षण : भारतात शैलनिर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, नळीप्रवाळ व समुद्रपंखे यांचा २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश करण्यात आला. ते समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गंभीर गुन्हा आहे. मुंबईतील किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील प्रवाळ वसाहती हलवितानाही महानगरपालिकेला वन विभागाची परवानगी आवश्यक होती. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ करारान्वये नियंत्रित असून २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) या करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले आहे. यामुळे भारतात अशा टाकीच्या नियोजनाची पहिली पायरी काच वा पंप नसून वन विभागाकडील चौकशी ही होय. समुद्रातील खडकाऐवजी सिमेंटचे किंवा चिनी मातीचे सच्छिद्र कृत्रिम खडक वापरता येतात. मात्र त्यांत सूक्ष्मजीवांची वस्ती होण्यास वेळ अधिक लागतो.

परदेशांत कायदेशीर मार्गाने मिळालेल्या एका वसाहतीचे तुकडे करून अनेक वसाहती वाढविण्याची रीत हौशी पालकांत सर्रास रूढ आहे; त्यामुळे निसर्गातील प्रवाळांवरचा भार हलका होतो. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात ऋतुमान व चंद्रप्रकाश यांचे अनुकरण करून बंद टाकीतील ॲक्रोपोरा प्रवाळांचे प्रजनन घडवून आणण्यात आले. फ्लॉरिडाच्या समुद्राचे तापमान २०२३ च्या उन्हाळ्यात असह्य झाले, तेव्हा संवर्धन-केंद्रांतील हजारो प्रवाळ जमिनीवरील टाक्यांत हलवून वाचवावे लागले. प्रकाश, क्षारता व प्रवाह यांचे जे तंत्र घरगुती टाकीत उपयोगी पडते, तेच अशा प्रसंगी शैलभित्तींचे बीज राखण्यास उपयोगी पडत आहे.