तान्ह्या मुलासह परदेशप्रवास
नोकरीनिमित्त सिंगापूरसारख्या शहरात राहणाऱ्या आप्तांकडे वर्षाच्या बालकास घेऊन जाण्याचा योग आता अनेक कुटुंबांना येतो. या प्रवासाची तयारी जन्मनोंदणीपासून सुरू होते.

बालकास स्वतंत्र पारपत्र लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य आहे. म्हणून जन्माची नोंद २१ दिवसांत करावी आणि नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क दाखल करावे. दाखल्यावरील नावे आई-वडिलांच्या कागदपत्रांशी अक्षरशः जुळतात, हे नोंदीच्या वेळीच पाहावे.

गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत द्यावयाची असते. ती राहिली नसल्याची खात्री करावी. विमान चढता-उतरताना मुलास दूध पाजावे. गिळण्यामुळे कानांतील दाब समतोल राहतो.

सिंगापूरचे घड्याळ अडीच तास पुढे आहे. त्यामुळे मुलाची झोप सुरुवातीस बदलते. दिवसाकाठी एकच स्थळ पाहावे व दुपारचा उकाडा टाळावा. तेथील वनस्पती उद्यान पहाटे ५ वाजता उघडते व प्रवेश विनामूल्य आहे.

जन्मनोंदणीचे हे महत्त्व पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ग्रामसभेत समजावून सांगावे.